व्हिडिओ लावला की ब्राउझर बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप, सातव्या पिढीचा इंटेल आय-५, ८ जीबी रॅम, इंटेलच्या ग्राफिक्ससोबत एनव्हिडियाची एक छोटी चिप, विंडोज १०. यूट्यूबवर व्हिडिओ लावून फुल स्क्रीन केला की क्रोम बंद पडतो. कधीकधी त्याआधी पडदा सेकंदभर काळा होतो. फायरफॉक्समध्येही तेच, पण कमी वेळा. कॅश साफ केली, क्रोम काढून पुन्हा टाकला, उपयोग नाही. आता दुकानदार म्हणतोय, फॉरमॅट मारावं लागेल.

फॉरमॅट करू नका, निदान आज तरी. तुम्ही सहज लिहून गेलात त्यातल्या दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. पहिली, दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये एकच त्रास. क्रोम आणि फायरफॉक्सची इंजिनं वेगळी, प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्जचा साठा) वेगळी, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) वेगळी. दोघांत सामाईक काय, तर विंडोज, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चिपशी बोलणारा प्रोग्राम), रॅम आणि लॅपटॉपचा पंखा. दुसरी गोष्ट, पडदा काळा होणं. नुसता ब्राउझर बिघडला तर तो स्वतः बंद पडेल, अख्खा पडदा काळा करणार नाही. तेव्हा संशय ग्राफिक्सच्या वाटेवर ठेवा आणि तिथून पुरावा गोळा करा.

क्रोम पुन्हा टाकून फरक का पडला नाही, हेही यातच आलं. क्रोम अनइन्स्टॉल करताना ‘ब्राउझिंग डेटाही काढा’ या चौकटीत खूण केली नाही, तर जुनं प्रोफाइल डिस्कवर तसंच राहतं आणि नवा क्रोम तेच उचलतो. ड्रायव्हरला तर कोणी हातही लावलेला नसतो. कॅश साफ करणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक काढा झाला आहे. पान अर्धवट उघडणं, लॉगिन अडकणं यावर तो चालतो. ब्राउझर धाडकन बंद पडण्यावर त्याचा गुण येताना मी क्वचितच पाहिला आहे.

व्हिडिओवरच का पडतो? बातमी वाचताना किंवा मेल लिहिताना संगणकाचा बराच भाग आरामात असतो. व्हिडिओ लावला की दाबून पाठवलेलं चित्र सेकंदाला तीस किंवा साठ वेळा उलगडायचं, रंग बदलायचे, पडद्याच्या मापाला ताणायचं, आवाजाशी जुळवायचं, हे सगळं सतत चालतं. हे काम ब्राउझर शक्यतो स्वतः करत नाही. शक्य असेल तिथे तो ते ग्राफिक्स चिपमधल्या खास डिकोडरकडे सोपवतो आणि मधला दुभाषा असतो ड्रायव्हर. सपाट रस्त्यावर नीट चालणारी गाडी कसारा घाटात गरम होते, तेव्हा आपण घाट दुरुस्त करायला जात नाही, बॉनेट उघडतो. यूट्यूब हा तुमच्या लॅपटॉपचा घाट आहे.

फुल स्क्रीनलाच जास्त का होतं, याचीही कारणं आहेत. क्वालिटी ‘ऑटो’वर असेल तर प्लेअर मोठा झाला की यूट्यूब वरच्या दर्जाचा प्रवाह पाठवू लागतो, म्हणजे डिकोडरवरचा भार त्याच क्षणी वाढतो. शिवाय फुल स्क्रीनमध्ये चित्र पडद्यावर नेण्याची पद्धत बदलते. विंडोज ते इतर खिडक्यांमध्ये मिसळण्याऐवजी वेगळ्या थराने थेट पुढे ढकलू शकतं. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये या बदलाच्या वेळी ड्रायव्हर अडखळला तर मला नवल वाटत नाही.

आता पहिलं काम: नेमकं काय पडतं ते बघायचं. ‘क्रॅश होतो’ या दोन शब्दांत निदान चार वेगळे आजार असतात.

फक्त टॅब पडतो, बाकी ब्राउझर चालू राहतो, पानावर उदास चेहऱ्याचं चित्र येतं, असं असेल तर त्याखाली बारीक अक्षरांतला कोड वाचा. क्रोम २००८ साली आला तेव्हापासून तो टॅबसाठी वेगळ्या प्रोसेस (प्रोग्रामचे स्वतंत्र चालणारे भाग) चालवतो, फायरफॉक्सने हे २०१६ पासून आणलं. त्यामुळे एक टॅब गेला म्हणून सगळं जात नाही. कोडमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर मेमरीकडे वळा. ‘ॲक्सेस व्हायोलेशन’ असेल तर एक्स्टेन्शन, अँटिव्हायरस किंवा खराब रॅम हे संशयित.

पडदा काळा होऊन परत येतो, व्हिडिओ थिजतो किंवा हिरवा पडतो, हा ग्राफिक्सचा मामला. क्रोममध्ये ग्राफिक्ससाठी वेगळी प्रोसेस असते. ती एकदा पडली तर क्रोम गुपचूप पुन्हा सुरू करतो. पुन्हापुन्हा पडली तर ग्राफिक्स चिप बाजूला ठेवून प्रोसेसरवर काम भागवायला बघतो. तेही जमलं नाही की क्रोम स्वतःहून बंद होतो. त्यावेळी लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, तो जे वाक्य लिहितो त्याचा अर्थ ‘जीपीयू (ग्राफिक्स चिपची) प्रोसेस वापरण्याजोगी नाही, गुडबाय’ असा. लिहिणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. तुमच्याकडे पूर्ण क्रोम बंद होतो त्यामागे हेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

तिसरा प्रकार म्हणजे काळा पडदा वगैरे काही नाही, सगळा ब्राउझर एकदम गायब. चौथा, अख्खा लॅपटॉपच बंद होणं किंवा निळा पडदा येणं. चौथ्यात ब्राउझरचा विचार सोडूनच द्या. उष्णता, रॅम, बॅटरी-चार्जर, ड्रायव्हर या क्रमाने बघा.

पुरावा विंडोजने आधीच लिहून ठेवलेला असतो, तो कोणी उघडत नाही एवढंच. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ सापडेल. तारखांनुसार लाल फुल्या दिसतील. ज्या दिवशी ब्राउझर पडला त्या दिवसाची फुली उघडून ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’ या ओळीत कोणत्या फाइलचं नाव आहे ते बघा. नाव ‘आयजी’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुधा इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर, ‘एनव्ही’ने होत असेल तर एनव्हिडियाचा, ‘एटीआय’ किंवा ‘एएमडी’ने असेल तर एएमडीचा. त्यानंतर स्टार्टमधून इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ निवडा आणि ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ग्राफिक्स चिपने ठरावीक वेळात उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करतं, ही मुदत मुळात २ सेकंदांची असते. तुमचा तो सेकंदभराचा काळा पडदा म्हणजे हीच उठाठेव असावी. नोंदीची वेळ आणि ब्राउझर पडल्याची वेळ जुळली तर निदानाचं निम्मं काम झालं.

ब्राउझरच्याही स्वतःच्या नोंदी असतात. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘क्रोम://क्रॅशेस’ आणि ‘क्रोम://जीपीयू’, फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:क्रॅशेस’ आणि ‘अबाउट:सपोर्ट’. फायरफॉक्सचा अहवाल पाठवला की त्याला एक सही मिळते, म्हणजे कोठे पडला त्याची खूण. सहीत ‘ओओएम’ दिसलं तर मेमरी संपली. ड्रायव्हरच्या फाइलचं नाव दिसलं तर ड्रायव्हर.

पुरावा हातात आला की एकच चाचणी करा: हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे ग्राफिक्स चिपकडे काम सोपवण्याची सोय, बंद. क्रोममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ‘यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’ बंद करून क्रोम पुन्हा सुरू करा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ भागात खाली ‘परफॉर्मन्स’ आहे. शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढली की हार्डवेअर ॲक्सिलरेशनचा पर्याय दिसतो. मग तोच व्हिडिओ, त्याच क्वालिटीला, फुल स्क्रीन करून अर्धा तास चालवा. पडला नाही, तर दोष ग्राफिक्सच्या वाटेत आहे.

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले इथेच संपतात: ‘बंद करा, झालं काम.’ मला हे पटत नाही. ही चाचणी आहे, उपचार नव्हे. ॲक्सिलरेशन बंद ठेवलं की चित्र उलगडण्याचं आणि पान रंगवण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. दोन कोरचा आय-५ त्याने तापतो, पंखा घोंघावतो, बॅटरी भराभर उतरते. मे महिन्यात अकोल्या-नागपुराकडे कूलर नसलेल्या खोलीत असा लॅपटॉप चालवला तर एका दुखण्याच्या बदल्यात दुसरं विकत घेतल्यासारखं होईल. म्हणून चाचणी झाली की ते परत चालू करा आणि मूळ कारणाकडे जा.

मूळ कारण म्हणजे तुमच्या बाबतीत ड्रायव्हर, असं मी धरून चालतो. आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर जा आणि तिथला शेवटचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. तो फार जुना असेल तर इंटेलच्या साइटवरून घ्या. इंटेलने २०२२ मध्ये सहाव्या ते दहाव्या पिढीचं ग्राफिक्स वेगळ्या, जुन्या शाखेत टाकलं, त्यामुळे तुमच्या चिपला नव्या चिपांसारखे वारंवार ड्रायव्हर येत नाहीत. जो शेवटचा मिळेल तो घ्यायचा. एनव्हिडियाच्या त्या काळातल्या छोट्या चिपांचंही नियमित ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबलं आहे, आता सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात. त्रास एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर उलट दिशेने जा: डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक’. नवा ड्रायव्हर नेहमीच चांगला असतो हा गैरसमज आहे. ‘ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर मात्र टाकू नका. अशा एकाही सॉफ्टवेअरची मी शिफारस करणार नाही.

यासोबत एक सोपी गोष्ट, जी दोन चिपांच्या लॅपटॉपवर अनेकदा एकटीच पुरते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, सगळ्यात खाली ‘ग्राफिक्स सेटिंग्ज’. तिथे क्रोम आणि फायरफॉक्स जोडून दोघांना ‘पॉवर सेव्हिंग’ द्या, म्हणजे ते इंटेलच्याच चिपवर राहतील. व्हिडिओ बघायला एनव्हिडियाची गरज नाही. सातव्या पिढीच्या इंटेलमध्ये व्हीपी-९ (यूट्यूबवर वापरली जाणारी व्हिडिओ दाबण्याची एक पद्धत) उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे. पडदा काळा होऊन तसाच अडकला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, काम जतन करायची संधी तरी मिळते.

व्हीपी-९ चा उल्लेख आला म्हणून थोडं कोडेकबद्दल, म्हणजे व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतींबद्दल, कारण तुमच्या लॅपटॉपला ते लागू आहे. यूट्यूब एकच व्हिडिओ वेगवेगळ्या पद्धतींनी दाबून ठेवतं: एच.२६४, व्हीपी-९ आणि २०१८ साली आलेलं एव्ही-१. नव्या पद्धतीत डेटा कमी लागतो, पण उलगडायला मेहनत जास्त. इंटेलमध्ये एव्ही-१ उलगडणारा भाग अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून आला. तुमच्याकडे तो नाही. म्हणजे यूट्यूबने एव्ही-१ पाठवलं तर ॲक्सिलरेशन चालू असूनही ते उलगडण्याचं काम प्रोसेसरच करतो. चालू व्हिडिओवर उजवं बटण दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘कोडेक्स’च्या ओळीत इंग्रजीत एव्ही-शून्य-एक दिसलं तर एव्ही-१, व्हीपी-शून्य-नऊ दिसलं तर व्हीपी-९. वरच्या ओळीत किती फ्रेम गळाल्या तेही कळतं. यूट्यूबच्या खात्यातल्या ‘प्लेबॅक अँड परफॉर्मन्स’मध्ये एव्ही-१ फक्त कमी दर्जाच्या व्हिडिओसाठी वापरण्याचा पर्याय आहे, तो निवडा. मोठे व्हिडिओ मग व्हीपी-९ मध्ये येतील आणि चिप ते सांभाळेल. एवढं करूनही डिकोडरच गडबड करतो असं दिसलं, तर पूर्ण ॲक्सिलरेशन न घालवता फक्त व्हिडिओ डिकोडिंग बंद करता येतं. क्रोमच्या ‘क्रोम://फ्लॅग्ज’ या प्रायोगिक सेटिंग्जच्या पानावर ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड व्हिडिओ डिकोड’ या नावाने तो पर्याय असतो. पान रंगवण्याचं काम तरी ग्राफिक्स चिपकडे राहतं.

उष्णता तपासायला वेगळी विद्या लागत नाही. तापमान दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर चालू ठेवून व्हिडिओ बघा. प्रोसेसर सतत नव्वद अंश सेल्सिअसच्या पुढे राहत असेल तर पंख्यात धूळ आहे किंवा चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे. इतक्या वर्षांच्या लॅपटॉपला एकदा उघडून साफ करून पेस्ट बदलणं फॉरमॅटपेक्षा जास्त उपयोगी, आणि दुकानदाराला कामही मिळेल. गादीवर, उशीवर ठेवून बघत असाल तर तेही थांबवा. हवा खालून आत जाते.

आता मेमरी. तुमचा त्रास फुल स्क्रीनच्या क्षणी होतो म्हणून तुमच्यासाठी ती मला दुय्यम वाटते. पण वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा ब्राउझर दोन-तीन तास मॅच किंवा लाइव्ह दर्शन चालल्यावर पडतो, त्यांनी इथे थांबून वाचावं. बाजूला धावणाऱ्या लाइव्ह चॅटसकट तो टॅब फुगत जातो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:प्रोसेसेस’. आकडा सतत चढत असेल तर चॅट बंद करा, अधूनमधून पान रिफ्रेश करा.

आणि एक गोष्ट जी फार थोडे लोक बघतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, ‘मेमरी’, आणि तिथे ‘कमिटेड’ हा आकडा. ७.६/९.२ जीबी अशा रूपात तो दिसतो. प्रोग्रामांना विंडोजने जेवढ्या मेमरीचं वचन दिलं तो पहिला आकडा, आणि रॅम अधिक पेज फाइल (रॅम कमी पडली तर विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) मिळून जास्तीत जास्त जेवढं वचन देता येईल तो दुसरा. पहिला दुसऱ्याला भिडला की नवी मेमरी मिळत नाही आणि ब्राउझर पडतो, मग ‘रॅम तर दोन जीबी रिकामी दिसतेय’ असं का असेना. ‘एसएसडी झिजते’ म्हणून पेज फाइल बंद करण्याचा सल्ला अनेकांनी ऐकलेला असतो. तो पाळू नका. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल मेमरी ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर ठेवा आणि सी ड्राइव्हवर दहा-पंधरा जीबी जागा मोकळी ठेवा. फायरफॉक्सने तर २०२२ मध्ये विंडोजसाठी खास सोय केली: मेमरी मागितल्यावर नकार आला तर लगेच पडायचं नाही, विंडोज पेज फाइल वाढवेपर्यंत क्षणभर थांबून पुन्हा मागायची. पण पेज फाइलच बंद असेल तर वाढवणार काय?

त्रास एकाच ब्राउझरमध्ये असता तर मी एक्स्टेन्शनपासून सुरुवात केली असती. जाहिरात अडवणारी दोन-दोन एक्स्टेन्शन, व्हिडिओ डाउनलोडर, आवाज वाढवणारी, ही मंडळी यूट्यूबच्या पानात हात घालतात. क्रोममध्ये ‘गेस्ट’ खिडकी उघडून बघा, तिथे एक्स्टेन्शनही नाहीत आणि जुनं प्रोफाइलही नाही. फायरफॉक्सच्या ‘ट्रबलशूट मोड’बाबत मात्र एक सावधगिरी. तो एक्स्टेन्शनसोबत हार्डवेअर ॲक्सिलरेशनही बंद करतो. त्यात ब्राउझर टिकला म्हणून ‘एक्स्टेन्शनच दोषी’ असा निकाल देणं चूक ठरतं, आणि चांगले जाणकारही या ठिकाणी फसतात. त्याऐवजी ‘अबाउट:प्रोफाइल्स’मधून नवं कोरं प्रोफाइल बनवून बघा. नव्यात ठीक चाललं तर जुन्यातले बुकमार्क आणि पासवर्ड आणून पुढे चला. अँटिव्हायरसही ब्राउझरच्या आत आपली फाइल घुसवतात. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:थर्ड-पार्टी’ पानावर अशा पाहुण्यांची यादी मिळते.

यूट्यूब नीट चालतं आणि फक्त पैसे भरून बघायच्या सेवांवरच ब्राउझर पडतो, असं कोणाचं असेल तर कॉपी-संरक्षणाचा भाग बघा. क्रोम, फायरफॉक्स दोघंही त्यासाठी वाइडवाइन वापरतात. ‘क्रोम://कॉम्पोनंट्स’मध्ये त्याच्यासमोरचं अपडेटचं बटण दाबा. फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन्सच्या पानावर ‘प्लगइन्स’मध्ये तो सापडेल, बंद करून परत चालू करा.

मधूनच कुठे ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे, अपडेट करा’ असं पान आलं तर खिडकी बंद करा. फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारं जुनं सॉफ्टवेअर. यूट्यूबने जानेवारी २०१५ मध्येच ते मागे टाकलं आणि ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला ते संपवलं. आज फ्लॅशचं अपडेट देऊ करणारा माणूस तुम्हाला दुसरंच काहीतरी देणार आहे. तसंच पडदाभर पसरलेल्या इशाऱ्यातल्या टोल-फ्री नंबरवर फोन करायचा नाही, घरातल्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा.

वरचं सगळं करूनही पडतच असेल आणि दर वेळी रिलायबिलिटीच्या नोंदीत वेगळ्याच फाइलचं नाव येत असेल, तर रॅम तपासा. खराब रॅमची हीच खूण: गुन्हेगार दर वेळी बदलतो. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ आहे, किंवा मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तरी ती रॅम बदलायची. डेस्कटॉपवर इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे ताकदवान प्रोसेसर वापरणाऱ्यांनी बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आहे का तेही बघावं. त्या प्रोसेसरांतल्या व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती, जी बायोस अपडेटमधून येते) दिला, आणि तो न टाकलेल्या मशीनवर काहीही, कधीही पडू शकतं.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आज रात्री रिलायबिलिटी आणि ४१०१ ची नोंद बघा. मग ॲक्सिलरेशनची चाचणी. मग दोन्ही ब्राउझर ‘पॉवर सेव्हिंग’वर. त्याने भागलं नाही तर ड्रायव्हर. प्रत्येक बदलानंतर निदान एक दिवस वापरून बघा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. पुन्हा लिहाल तेव्हा फॉल्ट मॉड्यूलचं नाव, ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मधली कोडेकची ओळ आणि ‘कमिटेड’चे दोन्ही आकडे एवढं लिहा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीचा तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. ब्राउझर पडण्याचं ते कारण नाही, त्यामुळे ‘नवा लॅपटॉपच घ्या’ असं कोणी या त्रासाच्या नावाखाली गळ्यात मारत असेल तर घाई नको. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली नसेल तर विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन तेवढी मात्र करून घ्या.